सार सांडले की परत बाकड्यावर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि माझ्या बैठकीवर एका कोंबडीने कित्येक हिवाळे अंडी घातली आहेत. पूर्वी हे कुणाला कळले असते तर मी शरमेने गंजून गेले असते. पण म्हातारपणी माणसाची भीड चेपते, तशी गाडीचीही चेपते.

माझे नाव रोरिस. आमच्या चेक भाषेत रोरिस म्हणजे पाकोळी, ती विळ्यासारख्या पंखांची, आभाळात सूं करून फिरणारी. क्रकोनोशे डोंगरांच्या पायथ्याशी यावोर्का गावात आमचा कारखाना होता आणि उन्हाळ्यात त्याच्या छताखाली पाकोळ्या घरटी करत. म्हणून आमच्या टाकीवर पितळेची उडती पाकोळी बसवलेली असे. ती पाकोळी मिरवत आमच्या देशातल्या किती पोस्टमननी पत्रे वाटली आणि किती नवऱ्यांनी बायकोला माहेराहून परत आणले, याची गणती नाही.

आता आमच्या कारखान्यातली एक रीत सांगते, कारण ती कळल्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही. प्रत्येक टोळीचे एक लांब लाकडी बाकडे असे आणि त्या बाकड्यावर गाडी तयार होई. गाडी पुरी झाली की जो तिचे इंजिन बसवी तोच तिच्यावर बसे आणि दगडी फरशीचा खडबडीत चढ चढून काश्परच्या खानावळीत जाई. तिथे किसेलो मिळे. राई नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचे, रानातली अळंबी आणि अंडे घातलेले हे दाट सार. तुमच्या आंबिलीची डोंगरातली मावशी म्हणा. कडीच्या डब्यात काठोकाठ सार भरून तो डबा गाडीच्या उजव्या अंगाला, टाकीखालच्या हुकाला अडकवायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचे. इंजिनाच्या उबेमुळे सार वाटेत निवत नसे.

खाली आल्यावर बाकड्यावरची सर्वांत वडीलधारी बाई पांढऱ्या फडक्याने डबा बाहेरून पुसून घेई. फडके कोरडे राहिले तर टाकीवर पाकोळी बसे आणि सगळे मिळून सार ओरपत. फडक्याला डाग लागला तर ती बाई म्हणे, "परत बाकड्यावर." मग गाडी पुन्हा खोलायची, सार शेजारच्या बाकड्याला देऊन टाकायचे आणि आपण कोरडा पाव चावत बसायचे. तुम्हाला हसू येईल, पण भुकेल्या माणसाइतके कसून नट आवळणारा दुसरा कुणी नसतो.

वरच्या साहेबांना ही रीत मुळीच पसंत नव्हती. सरकारी कारखाना, तपासणीची यंत्रे आलेली, आणि इथे लोक सार वाहतात म्हणजे काय? हुकूम निघाला की हूक बंद. नकाशातून हूक गेला, जाहिरातीच्या फोटोतून गेला, फक्त गाडीवरून गेला नाही. लोक आपले आपण लोखंडाची पट्टी वाकवून तो बसवत, आणि कुणी विचारलेच तर पिशवी अडकवायला आहे म्हणत. घरी पोरांनाही खरे सांगत नसत. पोरे शाळेत बडबडतात, आणि त्या काळात शाळेतली बडबड कुठपर्यंत जाईल याचा नेम नसे.

माझी चाके क्वेता नावाच्या मुलीने केली. रिममध्ये तारा भरायच्या आणि चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायचा, हे तिचे काम. माझे इंजिन ओल्डा नावाच्या लांबट मानेच्या फिटरने बसवले. ओल्डा मला घेऊन चढावर गेला, डबा भरून खाली आला आणि फडक्यावर हा एवढा डाग पडला. पहिल्याच दिवशी मी नापास. ओल्डा म्हणाला, चाक हलतंय. क्वेता म्हणाली, "चाक नाही हलत, तुझं इंजिन खोकतंय. नाचता येईना अंगण वाकडं." दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहून कोरडा पाव चावत भांडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग पडला, पुन्हा भांडण झाले. तिसऱ्या खेपेला फडके कोरडे निघाले, पण तोवर त्या दोघांना भांडणाची इतकी गोडी लागली होती की त्यांनी लग्नच करून टाकले. पुढे ओल्डाने मलाच घरी नेले. दोनदा परत आलेली गाडी, हिच्यात आता काही बिघडायचे राहिले नाही, असे तो सगळ्यांना सांगे.

ते माझे भरभराटीचे दिवस. माझ्या हुकाला कधी अळंब्यांची टोपली असे, कधी नाताळचा जिवंत मासा पाण्याच्या बादलीसकट असे, आणि एकदा तर सासूबाईंची रागावलेली हंसीण होती. ओल्डा आणि क्वेताचा मुलगा रादिम टाकीवर पालथा पडून दोन्ही हातांनी पाकोळी धरून ठेवायचा. ती उडून जाईल अशी त्याला भीती वाटे. रविवारी ओल्डा मला अंगणात धुवायचा, आणि धुताना माझ्याशी बोलायचा. बायकोशी बोलत नाही तेवढं हिच्याशी बोलतो, अशी क्वेता तक्रार करायची, पण फडके तीच आणून द्यायची.

मग काळ फिरला. देशाच्या सीमा उघडल्या, लोकांना मोटारी हव्याशा वाटू लागल्या, आणि ज्यांना दुचाकी हवी होती त्यांना ती परदेशी हवी होती. एका हिवाळ्यात कारखान्याच्या भट्ट्या थंड झाल्या त्या पुन्हा पेटल्या नाहीत. लोक दारातून बाहेर पडले तेव्हा कुणी कुणाकडे बघत नव्हते. क्वेताने त्या दिवशी ठरवले की या दारात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही. काही वर्षांनी ओल्डा गेला. मला चालवणारे कुणी उरले नाही, म्हणून मला सशांच्या खुराड्याशेजारी घोंगडीखाली उभे केले. कोंबडीचे प्रकरण त्याच काळातले. खरे सांगू का, तिचा मला आधार होता. निदान कुणीतरी माझ्यावर बसत होते.

एका शरद ऋतूत माझ्यावरची घोंगडी कुणीतरी एकदम ओढली. समोर रादिम उभा होता. केस पिकलेले, पण टाकीवरच्या पाकोळीवर हात ठेवण्याची तऱ्हा तीच. इतकी वर्षे तो ब्रनो शहरात मोटारींच्या कामात होता. आता त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी रोरिस हे मेलेले नाव विकत घेतले होते. जुन्या कारखान्याचा एक कोपरा भाड्याने घेतला होता आणि तिथे नवी रोरिस तयार होत होती. कागदावर माझ्यासारखीच. तीच गोल टाकी, तोच हिरवा रंग.

"आई, वसंतात मोठा कार्यक्रम करतोय," तो क्वेताला म्हणाला. "सगळ्यांसमोर नव्या गाडीच्या टाकीवर पाकोळी बसवायची आहे. ती तू बसवायचीस."

क्वेता कोंबडीखालचे अंडे काढत होती. "मीच का? राजधानीतून एखादी सुंदर मुलगी आणा. हल्ली तसंच करतात ना?"

"जुन्या टोळीतली तू आणि मातोउशकाका, दोघंच धड चालतीफिरती राहिलात. तू हात लावलास तर गाव म्हणेल ही रोरिस. तू नाही लावलास तर ती कुणाची तरी हिरवी गाडी. मग माझं सगळं मुसळ केरात."

"मला खोटं बोलता येत नाही रे. तुझ्या बापालाही म्हणून दाखवलं होतं, तुझं इंजिन खोकतंय."

"खोटं नको बोलूस. येऊन बघ, आणि वाटलं तरच बसव."

क्वेता हातातले अंडे पुसत राहिली. त्या दारात पाऊल ठेवायचे नाही ही तिची शपथ रादिमला माहीत होती. शेवटी ती म्हणाली, "येईन. बघेन. पुढचं पुढे."

मलाही त्या कार्यक्रमात नव्या गाडीशेजारी उभे राहायचे होते. म्हणून मला टेम्पोत घालून राजधानीत एका नामांकित कारागिराकडे पाठवले. मित्रांनो, तो हिवाळा माझ्या सुखाचा गेला. माझा गंज काढला, बैठक नवी केली, रंग दिला. आरशात पाहिले असते तर मी स्वतःला ओळखले नसते. एक मात्र झाले. कारागिराने रादिमला फोन करून विचारले, उजव्या बाजूला हा हूक कसला? रादिमने जुने नकाशे पाहिले, जाहिराती पाहिल्या. हूक कुठेच नव्हता. तो म्हणाला, बाबांनी घरी लावला असेल अळंब्यांसाठी, काढून टाका, गाडी मूळ रूपात हवी. हूक निघाला, त्याची भोके लांबीच्या लगद्याने बुजवली आणि वर हिरवा रंग चढला. मला ओरडावेसे वाटले, पण गाडीला हॉर्न असतो, तोंड नसते.

मे महिन्यातल्या शनिवारी जुन्या कारखान्यात कार्यक्रम होता. गाव लोटले होते. पाहुण्यांसाठी छोटे कापलेले पाव, त्यावर अंडे आणि काकडीची चकती. मी एका अंगाला उभी होते आणि माझ्या शेजारी ती, नवी. खरे सांगते, ती देखणी होती, आणि म्हणूनच मला आवडली नाही. मनात म्हटले, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझे नाव घेऊन आली आहे, पण माझ्याबद्दल हिला काय माहीत?

क्वेता आली ती ठेवणीतला कोट घालून. दारात क्षणभर थांबली, मग आत आली. बरोबर मातोउश होता, जुना इंजिन फिटर, एका कानाने बहिरा आणि तोंडाने फटकळ. रादिमने पितळेची पाकोळी आईच्या हातात दिली. नव्या गाडीकडे जाण्याआधी ती माझ्याकडे आली. टाकीवर हात फिरवला, चाकाच्या तारांवरून बोट फिरवले, आणि तिचा हात सवयीने उजव्या बाजूला खाली गेला. तिथे काही नव्हते.

"हिचा हूक कुठाय?" तिने विचारले.

"तो बाबांनी लावलेला ना? मूळ गाडीला नव्हता. मी नकाशे तपासले, आई. त्यात हूक नाही."

मातोउश म्हणाला, "नकाशात आम्हीही नव्हतो रे."

मग क्वेताने रादिमला सार, डबा, फडके आणि हुकूम, सगळे सांगितले. ती उभ्या उभ्या, हळू आवाजात बोलत होती, कारण त्या भिंतींमध्ये ही गोष्ट मोठ्याने बोलायची तिला सवयच नव्हती. ऐकता ऐकता रादिमचा चेहरा उतरत गेला.

"मला कधीच कसं सांगितलं नाहीत?" तो म्हणाला.

"तू शाळेत सांगितलं असतंस. आणि पुढे, कारखाना बंद पडल्यावर, सांगायला जीभ रेटली नाही." तिने पाकोळी त्याच्या हातात परत ठेवली. "गाडी छान आहे तुझी. पण ही आत्ता नाही बसवता यायची. सार आणल्याशिवाय आम्ही कुठल्याच गाडीवर बसवली नाही. दोनदा परत आलेल्या माझ्या नवऱ्याच्या गाडीवरही नाही."

विक्रीचे काम बघणारे क्लिमेशसाहेब घड्याळाकडे बघत होते. ते पुढे झाले. "क्वेताबाई, गोष्ट फार गोड आहे. आपण ती माहितीपत्रकात घालू. आत्ता फोटोपुरती बसवून टाका, सार काय उद्याही आणता येईल."

"फोटोपुरतं तुम्ही लग्न केलं होतंत का?" क्वेताने विचारले.

रादिम टेम्पोकडे गेला. कारागिराने माझे काढलेले तुकडे एका पेटीत घालून परत पाठवले होते. त्यातून त्याने माझा हूक शोधून आणला आणि दोन पट्ट्या आवळून नव्या गाडीच्या उजव्या अंगाला बसवला. नवा कोरा रंग खरवडला गेला. क्लिमेशसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मला काय वाटले म्हणता? मला राग आला. माझा हूक, आणि तिला.

"हिचं इंजिन कुणी बसवलं?" क्वेताने विचारले.

मागून एका बाईने हात वर केला. हालिना तिचे नाव. युक्रेनमधून लेकरांना घेऊन आलेली, सुरुवातीपासून रादिमच्या टोळीत काम करत होती. "मी बसवलं. पण चालवायला तर एक नावाजलेला शर्यतवाला बोलावलाय ना?"

"त्याला म्हणावं तू अंडी-काकडी खा. ज्यानं इंजिन बसवलं त्यानंच न्यायची असते. काश्परची नात अजून किसेलो करते. डबा काठोकाठ भरून घे, आणि हळू यायचं नाही. नेहमीच्या वेगानं यायचं. हळू आणलेलं आम्हाला कळतं."

हालिना गेली. चढावर गाडीचा आवाज कमी कमी होत गेला. पाहुणे खात होते, पण क्वेताने मातोउशला आणि रादिमच्या टोळीला खाऊ दिले नाही. पोट रिकामे ठेवायचे असते, म्हणाली. टोळीतली ती दहाबारा माणसे एकमेकांकडे बघत उभी राहिली. त्यांतले कुणी इथले, कुणी दूरचे, आणि बरेच सुटे भाग तर कुठल्या कुठल्या देशांतून खोक्यांत आलेले. या सगळ्याला एक नाव कसे पुरणार, हा प्रश्न मला हिवाळाभर पडला होता.

हालिना परत आली. डबा हुकाला होता, झाकण जागेवर होते. क्वेताने खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढला आणि डबा वरून खाली पुसला. रुमाल उलटून सगळ्यांना दाखवला. त्यावर पिवळसर डाग होता, लहान नव्हता.

हालिनाचे डोळे भरून आले. क्लिमेशसाहेब सावरून म्हणाले, "रस्ता फारच खराब आहे तो. मंडळी, ही आपली एक गंमत होती. आता आपण गाड्यांच्या आगाऊ नोंदणीला सुरुवात करू या."

सगळे रादिमकडे बघत होते. समोर गाव होते, गाड्या विकणारे दुकानदार होते, त्याच्या सोबत्यांची बायकामुले होती. ज्या दिवसासाठी त्याने ब्रनोची नोकरी सोडली तो हा दिवस होता. एक शब्द बोलला नसता तरी चालले असते. सार हे गाडीचे माप नाही, असे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आणि ते खोटेही नव्हते. त्याने पाकोळी खिशात टाकली.

"नोंदणी नाही," तो मोठ्याने म्हणाला. "ही अजून रोरिस झालेली नाही. परत बाकड्यावर."

त्या आवाजाने छतातल्या खऱ्या पाकोळ्या उडाल्या असतील, मी पाहिले नाही, कारण मी क्वेताकडे पाहत होते. इतक्या वर्षांत मी तिला रडताना कधी पाहिले नव्हते. ओल्डा गेला तेव्हाही नाही. आता ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होते, आणि ते पुसायला तिच्या हातात सार लागलेला रुमाल तेवढा होता.

क्लिमेशसाहेबांनी कपाळाला हात लावला. थोडे पाहुणे निघून गेले, ते मला मान्य करायला हवे. दुकानदारांतला एक जण कुरकुरला, दुसरा म्हणाला की जो आपल्या तोंडाने नापास म्हणतो त्याची गाडी मी डोळे झाकून विकेन. सार कुणाला द्यायचे, असा प्रश्न निघाला, कारण शेजारचे बाकडेच नव्हते. ते गावातल्या लोकांना वाटून टाकले. लोक सांगतात, सार उत्तम झाले होते.

रादिमच्या टोळीने गाडी उचलून बाकड्यावर घेतली. हालिना खाली मान घालून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

"तुझं असेल, चाकवाल्याचं असेल, बाहेरून आलेल्या एखाद्या नटाचं असेल," क्वेता म्हणाली. "मला विचारू नकोस, मी फक्त चाकं केली. हिच्या पोटातल्या तारा-बिरा मला कळत नाहीत. शोधा सगळे मिळून. भांडा. भांडल्याशिवाय सापडत नाही." मग तिने राईचा कोरडा पाव मागवला, स्वतः मोडला, पहिला तुकडा हालिनाला दिला, दुसरा रादिमला, आणि ठेवणीतल्या कोटासकट त्या बाकड्याच्या टोकाशी बसली. मातोउश तिच्या शेजारी बसला आणि दात नाहीत म्हणून पाव पाण्यात बुडवू लागला. त्यावरून टोळीत पहिली थट्टा झाली.

मी हे सगळे बाजूला उभी राहून पाहत होते. बाकड्यावर तिचे इंजिन उघडे पडले होते, रंग खरवडलेला होता, आणि आजूबाजूला माणसे तावातावाने बोलत होती. मित्रांनो, मघाशी ती झगमगत होती तेव्हा ती मला माझी कुणीच वाटली नव्हती. आता तिला तसे पाहिले आणि माझा राग कुठे गेला ते कळलेच नाही. मनातल्या मनात मी तिला पहिल्यांदा धाकटी म्हणून हाक मारली.

तुम्हाला वाटेल, ही म्हातारी आता सांगेल की जुन्या वस्तू पुसत जा, तेल घालत जा. तेही कराच, कोंबड्यांवर आम्हाला सोपवू नका. पण एक विनंती त्याहून मोठी आहे. नाव विकत मिळते, रंग मिळतो, पितळेची पाकोळीही नवी पाडता येते. त्या नावामागची माणसे मात्र आपली रीत कुणाला सांगितल्याशिवाय गेली तर ती कायमची जाते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते आपण होऊन सांगणार नाहीत. आणि सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करून कुणी पुन्हा कामाला बसलेला दिसला, तर नुसते बघत उभे राहू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.